लाकडी पाटीतल्या पॉलिमर क्लेच्या अक्षरांभोवती पुन्हा पुन्हा फट पडते, त्यावर उपाय

स्क्रोल सॉवर (बारीक पात्याने वळणदार काप घेणाऱ्या यंत्रावर) अक्षरं कापायची, त्या खाचांत रंगीत पॉलिमर क्ले भरायची, पाटी तशीच ओव्हनमध्ये ठेवून भाजायची आणि घासून सपाट करायची. नावाच्या पाट्या करणारे बहुतेक जण असंच करतात. ओव्हनमधून निघालेली पाटी सुरेख दिसते, अक्षराच्या कडेला नखसुद्धा अडकत नाही. मग पंधरा दिवसांनी, महिन्याने किंवा पहिल्या पावसाळ्यात कडेला केसाएवढी काळी रेघ दिसायला लागते. तिच्यात फेविक्विक आणि क्लेचा चुरा भरून घासलं की ती बुजते. पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा उघडते.

बहुतेक जण दोष क्लेला देतात. क्ले आकसली, ब्रँड हलका होता, भाजणं कमी पडलं, असं म्हणून क्ले बदलतात आणि तरीही फट पडते. वारंवार उघडणाऱ्या फटीमागे माझ्या मते दहातल्या आठ वेळा लाकूड असतं. म्हणून काही विकत घेण्याआधी किंवा भरण्याआधी फट नेमकी कुठे आहे ते बघा.

पाटी उजेडात धरा आणि आधी लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते पाहा. आडव्या पाटीत त्या सहसा आडव्याच असतात. आता एकेक अक्षर तपासा. फट अक्षराच्या चारही बाजूंनी सारखी असेल, तर क्ले आकसली आहे. भाजून थंड होताना ती थोडी आकसतेच. अशी फट पहिल्या दिवशीच दिसते आणि पुढे वाढत नाही. फट फक्त रेषांना काटकोनात असलेल्या टोकांना असेल, तर लाकूड हललं आहे. देवनागरी पाटीत हे ओळखणं सोपं जातं, कारण शिरोरेखा लाकडाच्या रेषांबरोबर धावते आणि काना त्यांना छेदून खाली उतरतो. शिरोरेखेच्या डाव्या-उजव्या टोकांना काही झालेलं नसतं. फट दिसते ती कान्याच्या खालच्या टोकाला, म, प, ग यांच्या उभ्या दांड्यांच्या पायाशी. तुमच्या पाटीवर असं चित्र असेल, तर क्ले बदलून काही होणार नाही.

तिसरा प्रकार वेगळाच आहे. त्यात कडेची क्ले भुगा होऊन पडते किंवा नखाने टवका निघतो. ती फट नव्हे, ते कच्चं भाजणं. त्याबद्दल पुढे येईल.

लाकूड किती हलतं, हे आकड्यात पाहिलं की खात्री पटते. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्यानुसार रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, हा फरक जवळजवळ शून्य धरता येतो. सागवान हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड. तरीही रुंद, आडव्या कापाच्या फळीत ओलीतल्या प्रत्येक एक टक्का फरकामागे त्याची रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते. समजा ओव्हनमधून काढताना फळीत ओल ६ टक्के होती आणि पावसाळ्यात ती १४ टक्क्यांवर गेली. कान्याची उंची ५० मिलिमीटर असेल, तर त्या दिशेने खाच सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढते. क्ले पाणी शोषून फुगत नाही, ती आहे तेवढीच राहते. पाऊण मिलिमीटर फट हातभर अंतरावरून दिसते. हाच हिशोब १० मिलिमीटरच्या टिकलीला लावला तर जेमतेम ०.१५ मिलिमीटर येतो, म्हणून बारीक फुलापानांच्या कामात ही तक्रार सहसा येत नाही. ती येते मोठ्या अक्षरांत, गणपतीच्या आकृतीत, मोठ्या सूर्यात, मोराच्या अंगात.

लाकूड फुगलं तर भोक लहान व्हायला हवं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. फळी रुंद होते तेव्हा तिच्यातलं भोकही त्याच प्रमाणात रुंद होतं. म्हणून पावसाळ्यात फट उघडते आणि उन्हाळ्यात मिटते.

आता ओव्हनमध्ये काय घडतं ते बघा. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट प्लास्टिसायझर. ही क्ले ब्रँडनुसार साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला अर्धा तास धरावी लागते. पाणी १०० अंशांना उकळतं. सहा मिलिमीटरची फळी, तिच्यात आरपार कापलेली अक्षरं, म्हणजे ओल निघून जायला सगळीकडे उघड्या कडा. त्या अर्ध्या तासात फळी बरीच वाळते आणि आकसते, आणि नेमकी तेव्हाच क्ले कायमची घट्ट होते. म्हणजे वर्षभरात खाच सगळ्यात लहान असते त्या क्षणाचं माप आपण क्लेला देतो. नंतर लाकूड घरातली ओल परत घेतं, खाच मोठी होते, आणि क्ले एकटी पडते. त्यात भर म्हणजे क्ले कोऱ्या लाकडाला चिकटतच नाही, नुसती अडकून बसलेली असते.

ओल निघताना आणखी एक खोडी करते. खाचेच्या तळाला पाठीमागून प्लाय चिकटवलेला असेल तर वाफेला वाट मिळत नाही आणि क्ले मधोमध फुगून वर येते, कधी आत बुडबुडे राहतात. हा प्लाय साध्या पांढऱ्या फेविकॉलने लावला असेल तर तोही गरम होऊन मऊ पडतो आणि पाठ सरकते.

या सगळ्यावर मी ठामपणे सुचवेन तो उपाय एकच आहे: लाकूड ओव्हनमध्ये घालूच नका. क्ले वेगळी भाजा आणि भाजून झाल्यावर लाकडात बसवा. आकसायचं ते क्ले आधीच आकसून घेते आणि लाकडाला ओव्हनची धग लागत नाही. एवढ्या एका बदलाने निम्म्याहून जास्त तक्रारी संपतात.

त्यासाठी क्लेचा पत्रा लाटा, लाकडाइतक्याच जाडीचा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटण्याने लाटला की जाडी सगळीकडे एकसारखी येते. (हे लाटणं पुन्हा पोळ्यांसाठी वापरू नका.) गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर पत्रा ठेवा, तळाशी हवा अडकू देऊ नका, आणि त्या फरशीसकट भाजा. भाजून झाल्यावर वर दुसरी फरशी ठेवून दाबाखाली थंड होऊ द्या, म्हणजे पत्रा वाकत नाही.

मग हा पत्रा फळीवर ठेवा. वर क्ले, खाली लाकूड. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने दोन्ही एकत्र बांधा, वरून ब्राउन पॅकिंग टेप लावा आणि तिच्यावर अक्षरांचा कागद चिकटवा. पॅकिंग टेपने पातं गरम होत नाही, आणि क्लेसाठी ते फार महत्त्वाचं आहे. मशीनचा वेग कमी ठेवा. वेग जास्त झाला की क्ले वितळून पात्यामागे पुन्हा जुळते आणि तुकडा सुटत नाही.

आता मशीनचं टेबल थोडं कलतं करा, असं की कापून निघणारा तुकडा वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळता असेल. बाटलीचं बूच जसं वरून दाबत नेलं की शेवटी घट्ट बसतं, तसा क्लेचा तुकडा लाकडातल्या भोकात उतरतो आणि पात्याने खाल्लेली जागा भरून निघते. कल किती ठेवायचा ते पात्याच्या जाडीवर आणि फळीच्या जाडीवर ठरतं. पाच नंबरचं पातं साधारण ०.४ मिलिमीटर जागा खातं. फळी आणि पत्रा प्रत्येकी ६ मिलिमीटर असतील तर कल पावणेचार अंशांच्या आसपास येतो, ५ मिलिमीटरला साडेचार अंशांच्या थोडा वर. टेबलावरच्या खुणांवर विसंबू नका. टाकाऊ तुकड्यावर गोल कापून बघा. तुकडा वरच अडकला तर कल जास्त आहे, पूर्ण खाली उतरून सैल राहिला तर कमी आहे. पाव-अर्ध्या अंशानेही फरक पडतो, त्यामुळे ही चाचणी गाळू नका.

अक्षर कापताना क्लेचा भाग पात्याच्या कायम त्याच बाजूला राहिला पाहिजे. दिशा बदलली की उतार उलटा होतो. इथे देवनागरीत एक खास अडचण आहे. ब, व, क, म, भ यांना आतले डोळे आहेत. बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कापली असेल तर डोळा उलट दिशेने कापायचा. डोळ्यातला लाकडाचा तुकडा सुटून पडतो, तो जपून ठेवा आणि त्याच्या मागे पेन्सिलने अक्षर व वरची बाजू लिहा. एकाच पाटीतले सात-आठ डोळे एकमेकांसारखेच दिसतात आणि रेषांची दिशा चुकली की ते पाटीभर डोळ्यात खुपत राहतं. पातं आत घालायचं छिद्र एक मिलिमीटरचं, त्याच कलाने आणि शक्यतो अक्षराच्या कोपऱ्यात पाडा. गोलाईवर पाडलेलं छिद्र नंतर लपत नाही.

बसवताना सुपरग्लूचा मोह टाळा. तो लगेच धरतो, पण कडक आणि ठिसूळ होतो. क्लेत उरलेलं प्लास्टिसायझर आणि लाकडाची हालचाल, दोन्ही त्याच्याविरुद्ध काम करतात. दोन भाग मिसळायचं संथ एपॉक्सी घ्या, अ‍ॅरल्डाइटसारखं, पाच मिनिटांत घट्ट होणारं नको. तेही सगळीकडे माखू नका. अक्षराची पाठ मागच्या प्लायवर टेकते तिथे मध्यभागी लावा आणि टोकं मोकळी ठेवा, म्हणजे लाकूड हललं तरी क्ले ओढली जात नाही. सागवान वापरत असाल तर चिकटवण्याआधी लाकडाच्या कडा (क्लेच्या नव्हे) अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा. सागाचं स्वतःचं तेल चिकटवण्याला नीट धरू देत नाही.

एवढं केल्यावरही पाटी कुठल्या महिन्यात केली आणि कुठे टांगली, याचा प्रश्न राहतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कोरड्या ठणठणीत फळीत घट्ट बसवलेली अक्षरं रत्नागिरीच्या जुलैत सैल होणार. उलट ठाण्याला भर पावसाळ्यात केलेली पाटी कुणी न्यू जर्सीला नेली, तर तिथल्या हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या यंत्रामुळे हवा इतकी कोरडी होते की भोक लहान होतं, क्ले मधून वर उचलली जाते किंवा दोन अक्षरांमधला लाकडाचा अरुंद पूल चिरतो. ही चीर फटीपेक्षा वाईट, ती दुरुस्त होत नाही. परदेशी जाणारी पाटी म्हणूनच पावसाळ्यात करू नये, निदान पावसाळ्यातल्या लाकडात करू नये. लाकडातली ओल मोजायचं पिनांचं छोटं मीटर मिळतं, ते घ्या. १० ते १२ टक्के ओल असलेल्या फळीवर काम केलं की दोन्ही बाजूंना थोडी जागा राहते. वखारीतून आणलेली फळी लगेच कापू नका. घरात, हवा खेळती राहील अशी पट्ट्यांवर उभी-आडवी रचून काही आठवडे राहू द्या.

मोठ्या अक्षरांसाठी मी तर भरीव लाकूड सोडायलाच सांगेन. चांगल्या प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात आणि रुंदीतली हालचाल फारच कमी होते. वर सागाचं व्हिनियर असलेला प्लाय घेतला तर दिसायलाही साग, वागायला प्लाय. मात्र घासताना जपा, व्हिनियरचा थर कागदासारखा पातळ असतो. एमडीएफलाही (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या बोर्डालाही) रेषा नसल्याने हालचाल थोडी, पण दाराबाहेर पावसाचे शिंतोडे लागणार असतील तर ते नको, ते कडेने फुगतं.

काही कामांत क्ले लाकडातच भाजावी लागते. उदाहरणार्थ, रंग एकमेकांत मिसळत नेलेलं आकाश किंवा लाकडाच्या वर उठून येणारी फुलं. अशा वेळी प्लाय वापरा आणि क्ले भरायच्या आधी तो रिकामाच ओव्हनमध्ये हलका वाळवा, म्हणजे नंतर वाफ येणार नाही. खाचेच्या भिंती मागच्या बाजूला रुंद होतील अशा दोन अंश कलाने कापा, मग क्ले पुढून निसटूच शकत नाही. भिंतींना पातळ फेविकॉलचा हात देऊन पूर्ण वाळू द्या, त्यावर क्ले बरी धरते. पाठीचा प्लाय भाजून झाल्यानंतर लावा. पाइनवूड या कामाला घेऊ नका. त्याच्या गाठींमधला राळेचा चीक गरमीने वितळून वर येतो आणि पिवळे चिकट थेंब क्लेवर बसतात.

ओव्हनबद्दल. घरातल्या ओटीजीच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका. आत ठेवायचं वेगळं थर्मामीटर स्वस्त असतं आणि त्याने उघड होणारा फरक पुष्कळदा दहा-वीस अंशांचा असतो. पाकिटावर लिहिलेली वेळ क्ले त्या तापमानाला पोचल्यानंतरची धरा. लाकूड उष्णता हळू आत जाऊ देतं, म्हणून लाकडातल्या खाचेच्या तळाशी क्ले कच्ची राहते आणि वरून मात्र पक्की वाटते. कडेचा भुगा पडतो तो याच कारणाने. तापमान वाढवू नका, वेळ वाढवा. योग्य तापमानाला तासभर ठेवल्याने क्ले बिघडत नाही. फक्त पांढरा आणि पारदर्शक रंग पिवळट पडू नये म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा मांडव घाला. कच्ची राहिलेली पण चिरा न गेलेली क्ले पुन्हा भाजून पक्की होते. फार तापली तर पीव्हीसी करपून घशाला झोंबणारा धूर सोडतं. ओव्हन लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना आणि पाखरांच्या पिंजऱ्याला तिथून हलवा. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही.

फटीच्या निमित्ताने येणाऱ्या दोन-तीन तक्रारी इथेच सांगून टाकतो. अक्षराभोवती लाकडावर तेलकट वलय दिसत असेल, तर कच्च्या क्लेतलं प्लास्टिसायझर लाकडाने शोषलं आहे. क्ले वेगळी भाजली की हेही थांबतं. घासताना लाल किंवा काळ्या क्लेची भुकटी फिक्या लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि पाटी मळकट दिसते. घासण्याआधी लाकडाला चपडा पॉलिशचा किंवा सँडिंग सीलरचा एक पातळ हात द्या आणि उंचवटा घासण्याऐवजी धारदार स्क्रॅपरने तासून काढा. पाण्याचा पॉलिश पेपर क्लेला उत्तम, पण लाकडात बसवण्याआधी. नंतर पाणी लावलं की लाकडाचे तंतू उठतात. शेवटच्या पॉलिशला थिनरमध्ये कालवलेलं लॅकर किंवा स्प्रेचा डबा वापरू नका. क्लेवरचा भाग महिनोन्‌महिने चिकट राहतो आणि धूळ धरतो. पाण्याने पातळ होणारं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा अ‍ॅक्रिलिक वार्निश घ्या, आणि तेही आधी त्याच क्लेच्या तुकड्यावर लावून आठवडाभर थांबा.

आता आधीच टांगलेल्या, फट पडलेल्या पाटीचं काय करायचं? भर पावसाळ्यात, फट सगळ्यात रुंद असताना तिच्यात कडक काही भरू नका. एम-सील, सुपरग्लू, लाकूडभुसा आणि फेविकॉल, सगळ्यांचा शेवट एकच. उन्हाळ्यात भोक लहान होतं तेव्हा ते भरण अक्षराला रेटतं, आणि पुढच्या पावसात फट शेजारी नवी उघडते. घराच्या आतली, उन्हापासून लांबची पाटी असेल तर रंग मिसळलेलं मऊ मेण भरा. ते हालचालीबरोबर दबतं आणि वर्षाकाठी बोटाने पुन्हा भरता येतं. बाहेरच्या पाटीला मेण चालत नाही, उन्हात वितळतं. तिथे बारीक ब्रशने फटीच्या आतल्या भिंती गडद तपकिरी रंगवा आणि अक्षराच्या बाकीच्या कडेलाही तेवढीच बारीक रेघ कोरून घ्या. चारही बाजूंना सारखी गडद रेघ असली की ती अक्षराची बाह्यरेषा म्हणून वाचली जाते, आणि ऋतूनुसार तिची जाडी किंचित बदलली तरी कुणाला खटकत नाही. मोठ्या अक्षरांच्या नव्या पाटीत तर ही रेघ मी मुद्दाम ठेवायला सांगेन: टेबल सरळ ठेवून कापा, पात्याने खाल्लेली जागा तशीच सोडा, अक्षर मागच्या प्लायवर मधोमध चिकटवा.

अक्षर काढून नव्याने बसवायचं असेल तर केस वाळवायच्या यंत्राने पाटी मागून आणि पुढून सावकाश गरम करा. एपॉक्सी मऊ पडतं, क्लेही लवचिक होते. पातळ सुरी कान्याच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे फट जिथे आहे तिथूनच, आत सरकवा आणि शिरोरेखेकडे जा. उलट दिशेने उचकटलं तर शिरोरेखेचा सांधा तुटतो. निघालेलं अक्षर गरम असतानाच दोन फरशांमध्ये दाबून ठेवा, म्हणजे थंड होताना ते वाकत नाही.